वेळापत्रक सॉफ्टवेअरने सुटेल म्हणणाऱ्यांना

प्रयोगशाळा_तीन (सातारा)
परवा एकाने लिहिलं: "रेल्वेचं तिकीट मोबाईलवर निघतं, मग कॉलेजचं टाइमटेबल अजून फळ्यावर का? सॉफ्टवेअर घ्या, मुलांना विषय निवडू द्या, दोन मिनिटांत तक्ता तयार. प्राध्यापकांनाच बदल नको आहे." लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मी बरीच वर्षं वेळापत्रक समितीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत 2023-24 ला आलं, संलग्न कॉलेजांत 2024-25 ला. सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे), एईसी (भाषेचा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहअभ्यासक्रम) हे सगळं त्यात बसवायचं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. बावीसपैकी सहा क्रेडिट प्रॅक्टिकलची धरली तर पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये मुलाचे आठवड्याला 28 तास होतात. इथवर बसतं.

आता लॅब बघा. प्रथम वर्षाला 120 मुलं, बॅच वीसची, म्हणजे सहा बॅच. एका विषयाचं दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे प्रत्येक बॅचला आठवड्याला चार तास. सहा बॅचचे झाले 24. लॅब रोज सहा तास, सहा दिवस चालवली तरी 36. उरलेल्या बारा तासांत द्वितीय, तृतीय आणि एमएस्सी. सॉफ्टवेअर दुसरी लॅब बांधून देणार आहे का?

ओई दुसऱ्या शाखेची घ्यायची, त्यामुळे त्या तासाला सगळं कॉलेज एकाच वेळी मोकळं ठेवावं लागतं. तालुक्याच्या कॉलेजात कला आणि वाणिज्य एवढंच असेल, तर निवड कशातून करणार?

आणि सगळ्यात मोठं दुखणं अभ्यासक्रमाचं. अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्या परिषद असा प्रवास करून तो येतो तेव्हा प्रवेश होऊन गेलेले असतात. तोवर व्हॉट्सॲपवर तीन-तीन प्रती फिरतात, वर्कलोड, म्हणजे कुणाला किती तास, कोणत्या प्रतीवर काढायचा तेच कळत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: आधी अभ्यासक्रम मेअखेर हातात द्या आणि रिकाम्या जागा भरा. संगणकाचं त्यानंतर बघू.

अजिंक्यतारा_आयटी
सर, लॅबचं हे गणित तुम्ही इथं मांडलंत. संस्थेपुढे कधी लेखी मांडलंत का? हाताने केलेल्या टाइमटेबलमध्ये अशी अडचण दिसतच नाही. दोन बॅच एकत्र करायच्या, चार तासांचं प्रॅक्टिकल तीन तासांत उरकायचं, आणि कागदावर सगळं छान.

'दोन मिनिटांत' हे चूक, एवढं मान्य. हा प्रश्न गणितात कठीणांपैकी कठीण समजला जातो. पण फेट नावाचं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोजवर चालतं, आणि बसत नसेल तर कुठल्या तासाशी अडलं ते दाखवतं. फक्त त्यात प्रत्येक अट लिहावी लागते. अमुक सर साडेदहाच्या आधी नाहीत, तमुक मॅडम दोननंतर नाहीत. फळ्यावर हे लिहिलेलं नसतं, सगळ्यांना तोंडपाठ असतं. विरोध होतो तो इथेच. ज्येष्ठांची सोय कागदावर येते म्हणून.

प्रयोगशाळा_तीन
हा आरोप मी ऐकून घेणार नाही. आमच्या विभागात ज्येष्ठ लोक सकाळी सातची बॅच घेतात. आणि लेखी मांडलं होतं, एकापेक्षा जास्त वेळा. "उपलब्ध साधनांत भागवावे" असं उत्तर आलं. तुम्ही बाहेरून बोलता.

सीएचबी_मराठी
ज्येष्ठांच्या सोयीवर मी बोलते, कारण त्याची किंमत माझ्यासारखे देतात. मी घड्याळी तासिकेवर, म्हणजे सीएचबीवर, शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर शून्य. मागच्या वर्षी माझा एक तास आठला आणि दुसरा दुपारी साडेतीनला. मधल्या वेळेत दुसऱ्या कॉलेजात तास मिळत होते, पण तिथली वेळ जुळेना. मी विनंती केली तर उत्तर मिळालं, "तुमचं काय, तुम्ही सीएचबी." तुमचा वर्कलोड, तुमच्या लॅब, तुमचा अभ्यासक्रम, या सगळ्यात माझं नाव 'रिक्त' म्हणून लिहिलेलं असतं. वेळापत्रकात माझ्या नावाच्या जागी 'सीएचबी १'.

प्रयोगशाळा_तीन
मॅडम, तुमच्यावर अन्याय होतो हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर म्हणतोय, आधी जागा भरा.

सीएचबी_मराठी
जागा भरेपर्यंत मी साडेतीनलाच यायचं?

कोयनाकाठ
तुम्ही सगळे मास्तरांच्या सोयीवर भांडताय, मुलं घरी कशी पोचतात ते कुणी बोलेना. पाटण खोऱ्यातल्या आतल्या गावांना दिवसात मोजक्या एसट्या. माझ्या धाकट्या बहिणीची केमिस्ट्रीची बॅच साडेतीन ते साडेपाच पडली. तिची गाडी पावणेपाचची. पुढची पकडली तर फाट्यावर उतरून अंधारात चालत जायचं. वडील रोज फाट्यावर जाऊन उभे राहायचे, पेरणीच्या दिवसांतसुद्धा. बॅच बदलून द्या म्हणून अर्ज केला, तर "एकीसाठी बदलता येत नाही". तिने सायन्स सोडून आर्ट्सला नाव घातलं. बारावीला केमिस्ट्रीत वर्गात पहिली होती.

संगममाहुली
वाईट झालं, पण कॉलेज एसटीच्या वेळेवर चालवायचं का? मग वडूजची गाडी, मेढ्याची गाडी, रहिमतपूरची गाडी, सगळ्यांना सांभाळा. उच्च शिक्षण घ्यायचं तर थोडी गैरसोय सोसावी लागते. शहरात हॉस्टेल आहेत, कॉट बेसिसवर खोल्या आहेत.

कोयनाकाठ
खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे तुम्ही भरणार का? तिच्या मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते, म्हणून ती कॉलेजला येऊ शकत होती. गावाकडच्या पोराला राहायला जागा नाही म्हणून शिक्षण तुटतं, हे ओळखून कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1924 साली याच साताऱ्यात बोर्डिंग काढलं. आज 2021 पासून त्यांच्या नावाचं विद्यापीठ याच शहरात आहे. त्या शहरात बसून तुम्ही आम्हाला गैरसोय सोसायला सांगता? लाज वाटायला पाहिजे.

संगममाहुली
अण्णांचं नाव मध्ये आणून तोंड बंद करू नका. मीही खेड्यातूनच आलोय, सायकलवर.

कोयनाकाठ
घाटातून या सायकलवर. मग बोलू.

कोरेगावकर
भांडू नका. आमच्याकडे रेल्वे आहे तरी तोच ताप. गाडीची वेळ आणि पहिल्या तासाची वेळ कधी जुळतच नाही. पण ज्यांना ताप नाही तेच जास्त बोलतात हे खरं. आगाराच्या लोकांना कॉलेजच्या वेळा कोणी कळवतं का? आमच्या गावच्या सरपंचांनी स्वतः जाऊन पत्र दिलं, तेव्हा कुठे एक फेरी वीस मिनिटं पुढे गेली. कॉलेजकडून एक ओळ गेली नव्हती.

सांगलीवाडी_पालक
इकडे वेगळीच गोष्ट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 45 फुटांकडे गेलं की सगळं बंद. 2019 ला झालं, 2021 ला झालं. नंतर बुडालेले तास भरून काढायला रविवारी वर्ग लावले, ते फलकावर. ज्यांच्या घरात चिखल होता त्या मुलांना कळलंच नाही आणि हजेरी कमी लागली. नवीन तक्ता तयार करून प्रत्येकाच्या मोबाईलवर गेला असता तर? मला तरी सॉफ्टवेअर पाहिजे. ज्येष्ठ-कनिष्ठ तुमचं तुम्ही बघा.

सीएचबी_मराठी
त्या पुराच्या आठवड्यांचे पैसेही मिळाले नाहीत. रविवारच्या तासांचे मिळाले, तेही पुढच्या वर्षी.

अजिंक्यतारा_आयटी
एसटीचाच मुद्दा धरतो, कारण त्याचं उत्तर आहे. फेटमध्ये मुलांचे गट आणि उपगट करता येतात. प्रवेशाच्या अर्जात एक रकाना वाढवा: कोणत्या गाडीने येता, परतीची शेवटची गाडी किती वाजता. पाटणच्या मुलांची एक बॅच करा आणि त्या बॅचला चारनंतर तास नाही अशी अट घाला. एकीसाठी बॅच बदलता येत नाही हे खरं असेलही, पण तिच्या खोऱ्यातून येणारी ती एकटी नव्हती. कोण कुठून येतं हे कोणी एकत्र पाहिलंच नाही.

आणि सर, अभ्यासक्रमाच्या तीन प्रती फिरतात हे तुमचंच म्हणणं. तेच काम आधी संगणकावर घ्या. विद्या परिषदेने मंजूर केलेली एकच प्रत, कोड आणि तारखेसकट, आणि जुन्या प्रती न पुसता. मुलांची क्रेडिट ज्या क्रेडिट बँकेत जमा होतात, तिथे ती सात वर्षं राहतात. एखादी मुलगी पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडली आणि दोन वर्षांनी परत आली, तर तेव्हा तिने कोणता मायनर कोणत्या अभ्यासक्रमाने केला हे व्हॉट्सॲपवर शोधणार का?

प्रयोगशाळा_तीन
अभ्यासक्रमाच्या नोंदीचं मान्य करतो. ते मी आधीपासून मागतोय, फक्त तुमच्यासारखं झकास मांडलं नव्हतं. पाटणच्या बॅचचंही करून बघता येईल. पण ओईचा तास सगळ्यांचा एकच असतो, तो कुठल्याही गाडीसाठी हलणार नाही. लॅबचे 36 तास सदतीस होणार नाहीत. हे सॉफ्टवेअरने सांगितलं काय आणि मी सांगितलं काय.

अजिंक्यतारा_आयटी
तुम्ही सांगितलं की "भागवावे" असं उत्तर येतं. 'बसत नाही' असा छापील अहवाल कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीच्या फाईलला लागला की तेच उत्तर देणं अवघड जाईल. नवीन सेमिस्टरच्या आधी एका विभागाचा तक्ता मी करून देतो, पैसे नकोत. वर्कलोड आणि बॅचची यादी द्या.

प्रयोगशाळा_तीन
एकाच विभागाचा. आणि ज्येष्ठांबद्दलचं ते वाक्य मागे घ्या, मग यादी देतो.

अजिंक्यतारा_आयटी
तुमच्या विभागापुरतं मागे घेतलं.

कोयनाकाठ
यादीत गावाचं नाव आणि गाडीची वेळ घालूनच द्या. बहिणीसोबतच्या दोघी अजून सायन्सला आहेत, त्यांची विचारून कळवतो.

सीएचबी_मराठी
आणि 'सीएचबी १' च्या जागी नाव लिहा. माझे तास सलग ठेवायची अट 'जमल्यास' मध्ये टाकू नका, 'पाळलीच पाहिजे' मध्ये टाका.