मदत हवी आहे: पोपायान टांकसाळीचं ८ एस्कुदो (१७८३), अस्सल की प्लॅटिनमवर मुलामा?

नमस्कार मंडळी,

वडील मालवाहू बोटीवर होते. दक्षिण अमेरिकेच्या फेऱ्यांत त्यांनी घेतलेलं एक सोन्याचं नाणं घरात आहे, ८ एस्कुदोचं (एस्कुदो म्हणजे स्पेनचं जुनं सोन्याचं नाणं). आता वाटण्या चालू आहेत आणि धाकटा भाऊ म्हणतो, आटवून सोनं निम्मं-निम्मं करू. माझा जीव होत नाही. पण त्याला थांबवायचं तर नाणं अस्सल असल्याचं कुणा जाणकाराकडून लेखी हवं.

एका बाजूला स्पेनचा राजा तिसरा कार्लोस, खाली १७८३. मागे राजचिन्हाची ढाल, तिच्याभोवती सुवर्णलोकरीच्या पदकाची साखळी, तळाशी ‘पी’ आणि ‘एस एफ’ (ही टांकसाळीतल्या पारख्यांची आद्याक्षरं). ‘पी’ म्हणजे टांकसाळ पोपायानची, आजच्या कोलंबियातली. वजन २६.९ ग्रॅम, ठरलेलं वजन २७.०७, त्यामुळे झीज धरता ठीक वाटतं. पाण्यात तोलून घनता १७.३ आली. त्या काळचं सोनं साधारण साडेएकवीस कॅरेटचं, तेही जुळतं.

तरी धाकधूक आहे ती प्लॅटिनमची. पोपायानला सोनं यायचं जवळच्या चोको प्रांतातल्या नद्यांमधून, आणि त्याच रेतीत प्लॅटिनम सापडायचं. तेव्हा ते सोन्याहून कितीतरी स्वस्त. भेसळ होऊ नये म्हणून स्पॅनिश सरकार ते नदीत फेकून द्यायला लावायचं! तरीही प्लॅटिनममध्ये तांबं मिसळून, वर सोन्याचा मुलामा देऊन एस्कुदोची खोटी नाणी पाडली गेली. तांब्याचं प्रमाण बरोबर साधलं की वजन आणि घनता दोन्ही जुळतात, मग माझ्या मोजमापाला काय अर्थ?

सराफ म्हणाले, कसोटीवर घासू नाहीतर कानशीने थोडं उघडून टंच काढू. मी नको म्हटलं. राजाच्या डोक्यावर कडेला डाक दिल्याची (झाळून जोड दिल्याची) खूण आहे, पूर्वी कुणीतरी कडी लावून गळ्यात घातलेलं दिसतं. त्यात आणखी ओरखडा नको.

तर विचारायचं असं:

कॅरेट मोजायच्या यंत्राचे किरण फार खोल जात नाहीत ना? जाड मुलामा असेल तर आतला प्लॅटिनम त्यात दिसेल का?

अमेरिकेतल्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांकडे पाठवायचं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो, कारण शंभर वर्षांवरचं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मग इथेच कोण तपासून देईल? अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत परदेशी नाणी बघतात का?

आणि डाकेच्या खुणेमुळे संग्राहकांकडे किंमत किती पडते? वितळीच्या भावाहून थोडी जरी जास्त मिळणार असेल, तर भाऊ ऐकेल. दिवाळीपर्यंत थांबायला तो तयार आहे.