केराटिन, स्मूदनिंग की काहीच नको? मुलीच्या केसांसाठी सल्ला हवा आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते. माझ्या थोरल्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरले असून, त्याआधी बेळगावात जाऊन केस सरळ करून घेण्याचा तिचा हट्ट आहे. केस कुरळे नाहीत, पण दाट आणि राठ आहेत. आमच्याकडच्या पावसात तर घट्ट वेणी घातली तरी कपाळाभोवती ते पिंजून उभे राहतात, त्यामुळे तिचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला वाटत नाही.

टिळकवाडी आणि कॅम्प भागात चौकशी केली, तेव्हा कोणी केराटिन सुचवले, कोणी स्मूदनिंग, तर कोणी हेअर बोटॉक्स आणि नॅनोप्लास्टिया. माझ्या समजुतीप्रमाणे स्मूदनिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटसारख्या द्रव्याने केसांतील गंधकाचे बंध तोडतात आणि केस सरळ केल्यावर न्यूट्रलायझरने ते पुन्हा जोडतात. म्हणजे तेवढे केस कापले जाईपर्यंत सरळच राहणार आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने मुळाशी येणारे नवे केस मात्र पूर्वीसारखेच असणार. केराटिनचा लेप धुण्यागणिक उतरत तीन-पाच महिन्यांत संपतो, म्हणून माझा कल तिकडे होता.

परंतु मध्यंतरी भाचीसोबत एका पार्लरात बसले होते. तिथे मोठ्या कॅनमधून वाटीत ओतलेले द्रव्य लावले आणि त्यावर तापलेला स्ट्रेटनर फिरवताच असा धूर निघाला की एसीच्या बंद खोलीत तिघींच्याही डोळ्यांतून पाणी आले. कॅनवर लेबल नव्हते. "यात फॉर्मॅलिन नाही, काकू," एवढेच उत्तर मिळाले. हा धूर कशाचा असतो? शिवाय मुलीच्या केसांना वर्षभर बाजारातील पाकिटाची काळी मेहंदी लागलेली आहे. त्यावर यांपैकी काही करणे सुरक्षित आहे का?

प्रतिसाद:
ताई, मी अनेक वर्षे पार्लर चालवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. नावावर जाऊ नका. बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया आणि केराटिन या नावांखाली बहुधा एकाच जातीची द्रव्ये मिळतात. फॉर्मल्डिहाइड (हा वायू पाण्यात विरघळवला की त्यालाच फॉर्मॅलिन म्हणतात) नसलेल्या बाटलीत पुष्कळदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असते आणि स्ट्रेटनरच्या 200 अंशांपुढच्या उष्णतेने त्यातूनही फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो मानवात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून वर्गीकृत आहे, त्यामुळे डोळ्यांची जळजळ ही किरकोळ बाब नव्हे. याच आम्लामुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असे 2024 मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एका तरुणीच्या उदाहरणावरून मांडले. केस सरळ केल्यानंतर तिला दरवेळी उलट्या, ताप आणि पाठदुखीचा त्रास झाला होता. तेव्हा लेबलावरील घटक स्वतः वाचा, द्रव्य टाळूला लागू देऊ नका, खिडकी नसलेल्या खोलीत बसू नका आणि लेबल दाखवत नसतील तर सरळ उठून या.

मेहंदीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि न्यूट्रलायझरमधील हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापून तुटूही शकतात. मानेमागची एक बट घेऊन तिच्यावर आधी चाचणी करून घ्या. कोणी "गरज नाही" म्हणाले तरी आग्रह सोडू नका. ती बट रबरासारखी ताणली गेली, तर तो विषय तिथेच थांबवा.

आणखी एक गोष्ट, जी पार्लरवाले सांगत नाहीत: नुकत्याच सरळ केलेल्या केसांवर खोपा टिकत नाही. पिना घसरतात, गजऱ्याच्या वजनाने अंबाडा खाली येतो आणि मग हेअर स्प्रेचा मारा करावा लागतो. नवरीला नऊवारी आणि खोपा हवा असेल, तर लग्नापुरते ब्लो-ड्राय पुरेसे आहे. उरलेले लग्नानंतर पाहता येईल. तरीही करायचेच असेल, तर मुहूर्ताच्या महिनाभर आधी करा, म्हणजे काही बिघडले तर सावरायला वेळ राहील.

धागाकर्तीचे उत्तर:
मनापासून आभार. खोप्याचा मुद्दा ऐकून मुलगी प्रथमच विचारात पडली आहे, कारण तिला अंबाड्यावर मोगऱ्याचे गजरेच हवे आहेत. स्मूदनिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, पण मेहंदीची शंका तरीही मिटवायची आहे. बटेची चाचणी करून देणारे आणि बाटली समोर ठेवणारे पार्लर शहापूर किंवा अनगोळ भागात कोणाच्या माहितीत आहे का? खानापूरहून बसने येऊन दुपारपर्यंत परतता आले तर सोयीचे होईल.