‘स्लेजिंग’ला मराठीत काय म्हणायचं? आणि खेळाडूवृत्ती की खिलाडूवृत्ती?

मूळ प्रश्न

भारत–ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकांवर लेख लिहायला घेतलाय. ‘स्लेजिंग’ (मैदानावर प्रतिस्पर्ध्याला बोलून बेजार करणं) हा शब्द दर दोन ओळींनी येतो आणि दरवेळी खुपतो. वर्तमानपत्रं ‘शेरेबाजी’ छापतात. मला तो फार मिळमिळीत वाटतो, शेरा साहेब फाइलवर मारतो. ‘शिवीगाळ’ लिहावं तर प्रत्येक वेळी शिवी असतेच असं नाही. ‘वाग्बाण’ कीर्तनात शोभेल. चांगला शब्द सुचवा. शिवाय ‘खेळाडूवृत्ती’ की ‘खिलाडूवृत्ती’? दोन्ही छापलेलं दिसतं.

प्रतिसाद

एकच शब्द शोधायचा हट्ट सोडा. इंग्रजीतलं हे गाठोडं आहे, मराठीत ते सोडून आत काय काय आहे ते बघावं लागतं.

शब्द मूळचा ऑस्ट्रेलियातला, साठच्या दशकातला. ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार इयान चॅपेल सांगतो ती कथा अशी, की ॲडलेडला एक खेळाडू बाईमाणसासमोर भलतंच बोलून गेला आणि ‘काय घण घातल्यासारखं बोलतोस’ म्हणून त्याची खिल्ली उडाली. स्लेजहॅमर म्हणजे घणच. म्हणजे सुरुवातीला तोल सुटून काहीतरी बोलणं एवढाच अर्थ होता, ठरवून छळणं हा नंतर चिकटला.

आता उदाहरणं घ्या. डिसेंबर २०१८, मेलबर्न. रिषभ पंत फलंदाजीला, यष्टीमागे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन. एकदिवसीय संघात धोनी परतला होता, तो धागा पकडून पेन म्हणतो, मग तू होबार्टच्या संघात ये की, आणि मी बायकोला सिनेमाला नेईन तेव्हा पोरं सांभाळशील ना? पेन फलंदाजीला आल्यावर पंतने त्याला ‘टेम्पररी कॅप्टन’ म्हणून परतफेड केली. हे सगळं स्टंप माइकमुळे जगाने ऐकलं. १ जानेवारीला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या समारंभात पंत पेनचं बाळ कडेवर घेऊन उभा, आणि फोटो टाकला पेनच्या बायकोनेच. याला ‘शेरेबाजी’ म्हणणं अन्याय आहे. ही ‘फिरकी घेणं’. क्रिकेटच्या लेखात तर दोन्ही अर्थांनी बसेल.

जानेवारी २०२१, सिडनी. अश्विन आणि विहारी सामना वाचवायला खिंड लढवतायत. पेन म्हणतो, गॅबावर (ब्रिस्बेनच्या मैदानावर) ये, मग बघू. अश्विन म्हणतो, तू भारतात ये, ती तुझी शेवटची मालिका ठरेल. हे झालं ‘डिवचणं’. मराठीत आपण साप डिवचतो, निखारे डिवचतो. समोरच्याने उसळावं हाच हेतू. पण इथे उसळला डिवचणाराच. पेनच्या तोंडून शिवी गेली, पाठोपाठ हातून विहारीचा झेल गेला. दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली.

आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉच्या काळात ज्याला ‘मेंटल डिसइंटिग्रेशन’ म्हणायचे त्याला आपल्याकडे तयार शब्दप्रयोग आहे, ‘मानसिक खच्चीकरण’. एक वाक्य म्हणजे खच्चीकरण नव्हे. पाच दिवस, सगळ्या संघाने मिळून, एकाच माणसाच्या मागे लागणं म्हणजे खच्चीकरण.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं, पण शिवीचा कोपरा राहिला, आणि खरं रामायण तिथेच घडलंय.

सिडनी, जानेवारी २००८. हरभजनने ब्रेट लीला मागून बॅटने थोपटलं, ऑस्ट्रेलियाचा ॲफ्रो-कॅरिबियन वंशाचा सायमंड्स मध्ये पडला, शब्दाने शब्द वाढला. ऑस्ट्रेलिया म्हणाली, हरभजन ‘मंकी’ म्हणाला. आपली बाजू म्हणाली, छे, तो ‘तेरी माँ की’ म्हणाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टरने ३ कसोटींची बंदी घातली. २९ जानेवारीला ॲडलेडला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर अपील चाललं. दुसऱ्या टोकाला फलंदाजी करणाऱ्या सचिनची साक्ष झाली. वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, अर्वाच्य बोलल्याबद्दल मानधनाची निम्मी रक्कम दंड झाला.

म्हणजे बचाव काय, तर आम्ही माकड नाही म्हटलं, आईवरून शिवी दिली. हे वाक्य आपल्या घरात मोठ्याने म्हणून बघा! पण नियमांच्या भाषेत तो बचाव अगदी रास्त होता. आईवरची शिवी ही त्या माणसाला दिलेली असते, माकड म्हणणं त्याच्या अख्ख्या वंशाला जातं. मराठीत या दोन्हींवर ‘शिवी’चंच लेबल लागतं आणि तिथे आपण कमी पडतो. तेव्हा आपल्याकडे बरेच जण हिरिरीने सांगत होते, की मारुतीला पुजणाऱ्या देशात माकड ही शिवीच नाही. त्याआधी ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदऱ्यात आणि आपल्याच वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढले होते. ती मारुतीची आरती नव्हती. कृपया लेखात त्याला ‘टवाळी’ किंवा ‘हुर्यो’ लिहू नका. हुर्यो कुणाचीही उडवता येते, याला ‘वंशद्वेषी हेटाळणी’ असंच लिहा, शब्द जड झाला तरी चालेल.

प्रतिसाद

मी मेलबर्नला असते, म्हणून एक भर. त्याच सिडनी कसोटीत ब्रॅड हॉगवर तक्रार झाली होती, की त्याने कुंबळे आणि धोनीला ‘बास्टर्ड’ म्हटलं. आपल्या कानाला तो थेट आईच्या चारित्र्यावर हात वाटतो. इथे दुकानदार गिऱ्हाइकाला, मित्र मित्राला लाडाने तेच म्हणतो. पुढे कुंबळेने तक्रार मागे घेतली. बॉडीलाइनच्या, म्हणजे इंग्लंडने फलंदाजाच्या अंगावर गोलंदाजी केली त्या मालिकेच्या वेळची (१९३२–३३) एक दंतकथा इथे अजून सांगतात. इंग्लंडचा कर्णधार जार्डिन ऑस्ट्रेलियाच्या खोलीशी तक्रार घेऊन आला, की तुमच्यापैकी कुणीतरी मला बास्टर्ड म्हटलं. दार उघडणारा आत वळून विचारतो, ‘कुठल्या बास्टर्डने या बास्टर्डला बास्टर्ड म्हटलं रे?’

आपल्याकडे ‘साल्या’चं तेच आहे. कट्ट्यावर ‘साल्या, कुठे होतास’ म्हणजे प्रेम, अनोळखी माणसाने म्हटलं की बाह्या वर. आणि ‘च्यायला’ फोडून बघा, त्यात आई आहेच की. पण झिजून झिजून तिची धार गेली. परभाषेतल्या माणसाला मात्र झिजलेली शिवी आणि ताजी शिवी यातला फरक कळत नाही.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून.

‘खेळाडू’ हे नाम, ‘खिलाडू’ हे विशेषण. अकरा जण खेळाडू असतात, त्यातले खिलाडू किती हे सामन्यात कळतं. म्हणून मी ‘खिलाडूवृत्ती’ लिहितो. उलट अर्थाचा ‘अखिलाडू’ही रूढ आहे, ‘अखेळाडू’ कुणी म्हणत नाही, यातच काय ते आलं. ‘खेळाडूवृत्ती’ चूक म्हणणार नाही, वापर भरपूर आहे.

पण हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. हरल्यावर हसून हात मिळवला की झाली खिलाडूवृत्ती! तिची खरी परीक्षा सामना अजून हातातून गेलेला नसतानाच होते. १९८० ची मुंबईतली इंग्लंडविरुद्धची ज्युबिली कसोटी आठवा. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. कर्णधार विश्वनाथची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि आपण १० गडी राखून हरलो. आजच्या टीव्ही चर्चेत विश्वनाथचं काय झालं असतं, देव जाणे.

अजिंक्य रहाणेचं उदाहरण मला त्याहून आवडतं, कारण तो मुंबईच्या ‘खडूस’ परंपरेतला. (एरवी खडूस म्हणजे आंबट तोंडाचा, हात आखडता घेणारा. मुंबई क्रिकेटमध्ये मात्र ही शाबासकी, सहजासहजी विकेट न देणारा तो खडूस. कोशांनी हा अर्थ नोंदवायला हवा.) सप्टेंबर २०२२, दुलीप करंडकाचा अंतिम सामना. यशस्वी जैस्वालने दुसऱ्या डावात २६५ केलेले, पश्चिम विभाग जिंकत आलेला. जैस्वाल दक्षिणेच्या रवी तेजाला सतत डिवचत होता. पंचांनी समज दिली, तरी थांबेना. शेवटी कर्णधार रहाणेने त्यालाच मैदानाबाहेर जायला सांगितलं. आपल्याच द्विशतकवीराला, आपणच. ऑस्ट्रेलिया जिंकून मुंबईत घरी परतल्यावर लोकांनी आणलेला कांगारूचा केकही त्याने कापला नव्हता, कांगारू त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे म्हणून.

तोच जैस्वाल २०२४ मध्ये पर्थला मिचेल स्टार्कला म्हणाला, ‘चेंडू फार सावकाश येतोय’, आणि १६१ करून गेला. तिथे कुणाचीच तक्रार नव्हती. म्हणजे खिलाडू असणं म्हणजे तोंड शिवून खेळणं नव्हे.

मूळ प्रश्नकर्ता

फिरकी, डिवचणं, खच्चीकरण, शिवी, सगळं उचलतो. आता एकच अडतंय. बाद झालेल्याला गोलंदाज हातवारे करून ‘सेंड-ऑफ’ देतो, त्याला काय म्हणू? ‘निरोप’ म्हटलं की समारंभ वाटतो.

प्रतिसाद

‘बोळवण’. ‘पाठवणी’त माया आहे, तिथे डोळे पुसले जातात. ‘बोळवण’ मुळात पाहुण्याची, लेकीची, पण बोलण्यात तिला एक तिरकसपणा आलाय. ‘आश्वासनावर बोळवण केली’ म्हणतो ना, तो. डिसेंबर २०२४, ॲडलेड. १४० करून ट्रॅव्हिस हेडचा त्रिफळा उडाला, सिराजने त्याची बोळवण केली. हेड म्हणाला, मी तर ‘छान टाकलास’ म्हटलं होतं. सिराज म्हणाला, खोटं आहे. आयसीसीने सिराजचं २० टक्के मानधन कापलं आणि दोघांच्याही नावावर एकेक दोषांक लावला. पुन्हा तेच, कोण काय म्हणालं!

बोळवण महागात पडण्याचं उदाहरण हवं असेल तर मेलबर्न, फेब्रुवारी १९८१. गावसकरला लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, बॅटची कड लागलेली असताना. तो चेतन चौहानला घेऊन मैदान सोडायला निघाला. सगळे समजले की पंचांवर राग. पुढे कित्येक वर्षांनी गावसकरने सांगितलं, की निर्णयापेक्षा ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी ‘चालता हो’ म्हटलं, त्याने डोकं फिरलं. सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुर्रानी आडवे आले, चौहानला परत आत धाडलं, नाहीतर सामनाच गेला असता. शेवटच्या डावात कपिलने ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाची ८३ धावांवर बोळवण झाली.