सोपं सांगताना खोटं किती चालतं?

करवीरवाचक:
लोकविज्ञानाची पुस्तकं ज्यांना मनापासून आवडतात, त्यांनीच हे बोलायला हवं. सोपं करण्याच्या नावाखाली ही पुस्तकं सर्रास चुकीचं सांगतात आणि आपण प्रेमापोटी ते पोटात घालतो.

जड वस्तूभोवती अवकाश आणि काळ वाकतात, तेच गुरुत्वाकर्षण, हे आइन्स्टाईनचं म्हणणं समजवायला देतात ती ताणलेली रबरी चादर घ्या. मधोमध जड गोळा, भोवती फिरणारी गोटी. पण चादर दबते ती खालून पृथ्वी गोळ्याला ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच उसनं आणलं! शिवाय हातातून सुटलेला चेंडू खाली का येतो, याचं उत्तर मुख्यतः काळाच्या वक्रतेत आहे, आणि चादरीत काळ कुठेच नाही.

पंख विमानाला वर कसा उचलतो, त्याचंही तेच. वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचायला हवी, म्हणून वरची वेगाने धावते, असं छापतात. असा कुठलाही नियम नाही. विंड टनेलमध्ये धुराच्या रेषा सोडल्या की वरची हवा आधीच पोचलेली दिसते. अणूभोवती कक्षांत फिरणारे इलेक्ट्रॉन हे १९१३ चं चित्र. १९२६ पर्यंत ते मोडीत निघालं, मुखपृष्ठांवर मात्र अजून आहे.

माझी मागणी एवढीच: प्रत्येक उपमेखाली ती कुठे मोडते, ते एका वाक्यात लिहा. नसेल लिहिलं तर मी त्याला खोटंच म्हणणार.

पेठेतला मास्तर:
'खोटं' हा शब्द जड झाला. खोटं म्हणजे ठाऊक असून फसवणं. पंखाचं स्पष्टीकरण चूक आहे, मान्य. चादर अपुरी आहे. या दोन गोष्टी एका टोपलीत टाकू नका. दोरीने न ओढताही निव्वळ आकारामुळे वाट वळू शकते, एवढं चादर नीट दाखवते.

तुमच्या हिशेबाने न्यूटनही खोटारडा ठरेल. बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक राहतो, तो न्यूटनच्या गणितातून निघत नाही. तरी पूल बांधायला, यान धाडायला तेच गणित वापरतात, कारण तिथे चूक किती राहते ते माहीत आहे. आणि प्रत्येक परिच्छेदाला तळटीप लावलीत तर वाचक विसाव्या पानावर पुस्तक मिटेल. मग खरं कुणाला सांगणार?

महाद्वार:
चादर राहू द्या, आपल्या दारचं उदाहरण घ्या: अंबाबाईचा किरणोत्सव. देऊळ पश्चिमाभिमुख. परंपरेने ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यात शिरतात.

वर्षातून दोनदाच का? १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला पोचतो तो दिवस, ४१ दिवस, तिथून ३१ जानेवारी पुन्हा ४१ दिवस. सूर्य दक्षिणेकडे सरकताना जिथे मावळला, परतताना जवळपास तितक्याच दिवसांनी तिथेच मावळतो. तेव्हा त्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर, सुमारे उणे १७ अंश (दक्षिणेला) असते. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, म्हणून सूर्य ठीक पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला टेकतो. ही जागा रोज पाव अंशाहून जरा जास्त हलते आणि सूर्यबिंब असतं अर्ध्या अंशाचं, म्हणून हा सोहळा मोजक्या दिवसांचा. बिंब खाली जाईल तसा किरण आडवा होतो, म्हणून उजेड चरणांकडून मुखाकडे चढतो. वाटेत इमारत आली किंवा क्षितिजावर ढग, धूळ असली की किरण मध्येच विरतात.

यात उपमा एकही नाही, आणि शाळकरी पोरालाही कळावं. घसरायची जागा पुढे आहे. 'दोनदा किरण येतात, यावरून बांधणाऱ्यांचं ज्ञान सिद्ध होतं' असं लिहिलं की गेला प्रामाणिकपणा. एकदा आले की दुसऱ्यांदा येणारच, ती भूमिती आहे. तो वेगळा पुरावा नव्हे. बांधणाऱ्यांनी दिशा साधली असावी. 'असावी', बस्स.

करवीरवाचक:
हेच म्हणतोय मी! मास्तर, बघा, तळटीप न लावताही जमलं.

पेठेतला मास्तर:
सूर्य डोळ्यांना दिसतो म्हणून जमलं. आता उपमा न वापरता क्वांटम, म्हणजे अणूच्या आतल्या जगाचं विज्ञान, सांगून दाखवा.

पानोपानी:
अनुवाद तपासणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी. पहिली, 'सिद्धांत' हा शब्द. इंग्रजी वाचक 'थिअरी' म्हणजे नुसता तर्क समजतो. मराठीत उलटं होतं. 'सिद्ध' शब्दातच बसलाय. त्यामुळे भरभक्कम पुराव्यांची उत्क्रांती आणि प्रयोगाने अजून न पडताळलेली स्ट्रिंग थिअरी (मूलकण म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, ही कल्पना), दोन्ही 'सिद्धांत' होऊन एका पाटावर बसतात. दुसरीसाठी 'तर्क' किंवा 'गृहीतक' लिहिलं तर काय बिघडतं?

दुसरी, आकडे. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे १३८० कोटी. घाईत '१३.८ कोटी' पडलं की विश्व डायनोसॉरपेक्षाही तरुण होतं.

तांबडा_पांढरा:
भावा, एवढं 'असावं असावं' लावत बसलासा तर लोक म्हणणार, ह्यास्नीच काय ठाऊक न्हाई. तिकडं व्हॉट्सॲपवरचा बाबा छाती ठोकून सांगतोय, आणि लोक त्याचंच ऐकत्यात. म्हणून खात्री हाय तिथं ठणकावून सांगा, पण आकडा पुरा द्या.

२०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सांगितलं: प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. १८ टक्के कशाचे? समजा शंभरात पाच जणांना होणार असेल, तर सहाजणांच्या आसपास जातो. शंभरात तेवीस न्हवं! आणि तंबाखूच्या गटात टाकलं म्हणून तंबाखूइतकं घातक, हेबी चूक. गट सांगतो पुरावा किती पक्का. धोका किती मोठा, ते न्हवं. रश्श्यातलं ताजं मटण त्या गटात न्हाईच, ते 'बहुधा'वाल्या गटात. तवा दोन वाटी रस्सा वाढा, पण पुस्तक लिहिणाऱ्याला आधी विचारा, 'कशाचे टक्के?'

महाद्वार:
ठणकावून सांगण्यावरून आठवलं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर कोल्हापूरचेच, जन्म १९३८. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशात सगळीकडून येणारा मंद प्रारणाचा अवशेष, सापडलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे, म्हणजे विश्व अतितप्त, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आलं या मताकडे, वळले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत विश्वाचं पर्यायी प्रतिमान (मॉडेल) मांडलं आणि शेवटपर्यंत महास्फोटावर शंका घेतली. लोकांसाठी लिहिणाऱ्याने अल्पमत मांडावं का? माझ्या मते जरूर, पण बहुमत कुठे आहे ते त्याच पानावर हवं.

पेठेतला मास्तर:
पुस्तक म्हणजे निवडणूक नव्हे. लेखकाने आपली बाजू जीव तोडून मांडावी, दुसरी बाजू दुसऱ्या पुस्तकात वाचा. सगळ्यांनी तराजू धरला तर वाचायला मजा काय?

पानोपानी:
मजा असो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं विचारप्रक्रियेवरचं पुस्तक २०११ चं. त्यातल्या 'प्रायमिंग'च्या (आधी दिसलेल्या शब्दाचा वा चित्राचा वागण्यावर नकळत होणारा परिणाम) प्रकरणात आपण तोकड्या नमुन्यांच्या प्रयोगांवर नको इतका विश्वास टाकला, असं त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. लेखक प्रामाणिक निघाला, पण कपाटातल्या जुन्या प्रतीत ते प्रकरण तसंच आहे. म्हणून आधी मूळ आवृत्तीचं साल बघायचं, मग पुस्तक उघडायचं. मानसशास्त्र आणि आहार या विषयांत तर नक्कीच.

करवीरवाचक:
काही अनुवादांत फक्त मराठी आवृत्तीचं साल असतं, त्याचं काय?

तांबडा_पांढरा:
शोधून पेन्सिलीनं लिवायचं. वाचनालयाचं असलं तर चिठ्ठी ठेवा, न्हाईतर दंड भरशीला.