ईजीआर बंद केला की गाडी पळते म्हणे, करू काय?

घाटातला: लोकहो, माझी २०१४ ची स्विफ्ट डिझेल चोर्ला घाट चढताना दम खायलीय. बेळगावात उद्यमबागेत एक मेस्त्री म्हणाला ईजीआरला, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, पत्रा मारून बंद करू, सायलेन्सरच्या लायनीतला धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकू, ते सगळं सरकारच्या नियमासाठी बसवलेलं असतंय, इंजिनला काय उपयोग नाही. काढायची मजुरी पण नको म्हणाला.

निपाणीकर: बिनधास्त कर मर्दा. भावाच्या गाडीला केलंय, पिकअप सुटला, ॲव्हरेज पण वाढलं. स्वतःचाच धूर परत इंजिनात घालायचा ह्यात काय शहाणपण सांग की. आमच्या ट्रॅक्टरला कुठं आहे ईजीआर, पळालाच की एवढी वर्षं.

पाना_१७: मजुरी नको म्हणाला तिथंच ओळख गा. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम असतंय, भंगारात त्याला चांगला भाव. तुझा माल तो विकणार आणि वर उपकार केल्यासारखं सांगणार.

आता ईजीआर. घाटात पेडल पूर्ण दाबलास की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तो व्हॉल्व्ह स्वतःच बंद करतंय. उघडतो तो हलक्या लोडवर, ज्वलनाचं तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला. मग आधीच बंद असलेल्या भोकाला पत्रा मारून पॉवर कुठनं येणार? भावाला फरक जाणवला असेल कारण काजळीनं व्हॉल्व्ह उघडाच अडकला असणार. साफ केला असता तरी तेवढीच पळाली असती.

निपाणीकर: साफ करून परत भरतोय की! दर वेळी इनटेक, म्हणजे इंजिनात हवा जायची वाट, खोलत बसायचं काय? आणि पीयूसी पास झालीय भावाची, मग प्रदूषण कुठंय?

पाना_१७: भरतोय, आणि पत्रा मारला की इनटेक स्वच्छ राहतंय हे पण खरं, त्यात वाद नाही. पण पीयूसीचं सांगू नकोस, डिझेलला तिथं फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. पास झाली म्हणजे ह्या बाबतीत काहीच कळलं नाही. आणि ईसीयू बघत असतंय की व्हॉल्व्ह उघडल्यावर बाहेरची हवा कमी झाली का, नाही झाली की चेक इंजिन लाइट, कधी कधी गाडी लिम्प मोडला, म्हणजे पॉवर कापून हळू चालणार. मग रिमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलायचं, त्याचे पैसे वेगळे. ट्रॅक्टरला तसलं ईसीयूच नव्हतं, तुलना कशाला.

टिळकवाडी_पेट्रोल: पेट्रोलवाल्यांनी तर नादच करू नका. ठिणगीचं टायमिंग ईजीआर धरून सेट केलेलं असतंय, काढलं की हलक्या लोडवर नॉकिंग, म्हणजे इंजिनात ठोकल्यासारखा आवाज, होऊ शकतंय. २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, काढायचं बोलालेत काही जण, तो निराळाच घोळ. कायद्याचं पण बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असले बदल चालत नाहीत आणि १८२अ मध्ये मालकाला बदलामागं ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्ही पण होऊ शकतंय.

निपाणीकर: कायदा! हायवेला काळा धूर सोडत ट्रक जातात त्यांना कोण धरतंय? आमच्याच स्विफ्टवर डोळा.

पाना_१७: ते बरोबर आहे तुझं, पण त्यानं ह्याची गाडी घाट चढत नाही. घाटातल्या, आधी टर्बोची होज कुठं फाटलीय का बघ, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर कधी बदललास ते सांग. मग व्हॉल्व्ह काढून साफ कर.

घाटातला: डिझेल फिल्टर आठवतच नाही. होज उद्या बघतो.

निपाणीकर: बघ बघ. सहा महिन्यांत परत भरला की पत्रा माझ्याकडनंच घेऊन जा, फुकट.