कॅप्सूल पहिल्या घासालाच

ताई, यजमान स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमची कॅप्सूल जेवणानंतर तासाभराने घेतात आणि तरी वजन उतरतंय, असं तुम्ही लिहिलंत. माझंही पहिले चार महिने हेच चाललं होतं. शौच चिकट, पाण्यावर तरंगणारी, वर तेलाचा तवंग. दोनदा फ्लश करूनही जायची नाही. म्हणजे खाल्लेलं तूप-तेल पचतच नव्हतं.

स्वादुपिंडातलं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, कमी पडतं, तेच कॅप्सूलमधून द्यायचं असतं. ते अन्नात मिसळलं तरच उपयोग, अन्न पुढे गेल्यावर नाही. आता मी ताटात वाटीशेजारीच कॅप्सूल ठेवतो. एक पहिल्या घासाला, दुसरी अर्ध्या जेवणात. आतले दाणे चावायचे नाहीत, गरम चहाबरोबर घ्यायचे नाहीत. त्यांच्यावरचं आवरण पोटातल्या आम्लापासून एन्झाइम वाचवतं. दुधाच्या कपालाही मला एक लागते, हे फार उशिरा कळलं.

मात्रा लायपेजच्या युनिटमध्ये असते, १०,००० च्या आणि २५,००० च्या अशा वेगवेगळ्या कॅप्सूल मिळतात. डबी एकदा बघा, डॉक्टरांना दाखवा. ड जीवनसत्त्वाची तपासणीही विचारा, चरबी पचली नाही की तेही शोषलं जात नाही. आणि तेल एकदम बंद करू नका हो, आधीच अंगावर मांस उरत नाही.