घरासमोर लाल मेपल लावलाय, कोल्हापुरात सावली देईल का?

आरकेनगरकर
राम राम मंडळी. आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारी तीननंतर हॉलची भिंत अशी तापते की रात्री अकरापर्यंत हात लावला तर गरम लागते. समोर १८-२० फूट जागा मोकळी आहे, तिथं सावलीचं झाड हवंय.

गेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला मुलीकडं न्यू जर्सीला होतो. तिच्या दारात रेड मेपल आहे. आधी हिरवागार होता, मग एका फांदीचा शेंडा लाल झाला आणि आठ-दहा दिवसांत अख्खं झाड गुलाल उधळल्यासारखं, जोतिबाची आठवण झाली बघा. पाला गोळा करायचं काम माझ्याकडंच होतं त्यामुळं त्या झाडाशी ओळख जरा जास्तच झाली.

इकडं आल्यावर डोक्यातून ते जाईना. जूनमध्ये एका नर्सरीत 'लाल मेपल' म्हणून रोप मिळालं, ६५० रुपये. हातभर होतं, आता पाच महिन्यांत पाच फुटांच्या वर गेलंय, पानं गडद लाल, हाताच्या पंजासारखी कातरलेली. जमीन काळी आहे. खालची पानं गळायला लागलीत आणि शेंड्याकडं पानांच्या बगलेत बोंडासारख्या कळ्या दिसतायत. मेपलला फुलं येतात का? खत काय घालू, छाटणी कधी करू आणि सावली किती वर्षांनी मिळेल?

न्यूजर्सीची_कोल्हापूरकरीण
काका नमस्कार, मी मूळची ताराबाई पार्कची, १४ वर्षं इकडे आहे आणि आमच्या बॅकयार्डात दोन रेड मेपल आहेत म्हणून लिहिते.

फुलं येतात, पण मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा झाडावर एकही पान नसतं. बारीक लाल झुपके असतात, लांबून फांद्यांवर लाल धुकं बसल्यासारखं दिसतं. मग मे-जूनला बिया पडतात, एका पंखाच्या, भिंगरीसारख्या गरगर फिरत खाली येतात. नोव्हेंबरात कळ्या आणि त्याही पानांच्या बगलेत, हे मला तरी विचित्र वाटतंय.

काळजीचं म्हणाल तर खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद करायचा पण त्यापेक्षा खोल नाही. खोड जिथे मुळांपाशी पसरतं तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. आमचा पहिला मेपल माळ्याने खोल पुरला होता, मुळं खोडालाच गुंडाळत गेली आणि सात वर्षांनी झाड एका बाजूने वाळलं. आच्छादन मेदूवड्यासारखं घालायचं, मधे खोडाभोवती भोक मोकळं. लोक खोडाला टेकवून ढीग लावतात आणि साल कुजते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी, रोज तांब्याभर नाही. साल पातळ असते, गवत कापायच्या मशीनची एक जखम पुरते. मुळं वरवर पसरतात, फरशी उचलतात, तेव्हा ड्रेनेजच्या पाइपपासून लांब. माती आम्लधर्मी लागते, नाहीतर मँगनीज मिळत नाही आणि शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं असं होतं. तुमच्या काळ्या मातीत हा त्रास नक्की होणार. छाटणी लवकर वसंतात नको, कापल्या जागेतून रस गळत राहतो. आणि हो, याची वाळलेली पानं घोड्यांना विषारी असतात, तुमच्या गल्लीत कुणाचा टांगा नसेल अशी आशा आहे :)

पण काका, पाच महिन्यांत पाच फूट? आमचा चांगल्या वर्षी दीड-दोन फूट वाढतो.

शाहूवाडीचा_रोपवाला
ताई, मला पण तिथंच शंका आली. काका, वाईट वाटून घेऊ नका, एक काम करा. फांदी हातात घ्या आणि पानं कशी फुटलीत बघा. मेपलला पानं जोडीनं येतात, समोरासमोर, अगदी एका पेरातून दोन. तुमच्या झाडाला एक डावीकडं, मग जरा वर एक उजवीकडं अशी असतील तर तो मेपल नाही, विषय संपला. मग एक बारीक फांदी मोडून साल ओढा, वाखासारखा लांब धागा निघतोय का बघा. कळीचा फोटो नाही दिला तरी चालेल, मला अंदाज आलाय पण आधी तुम्ही बघा.

आणि खरा मेपल मिळाला असता तरी इथं सुखानं राहिला नसता. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत. त्याला हिवाळ्यात झोप लागते. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५ डिग्री, दुपारी परत ३०, त्यात त्याला कळायचंच नाही की झोपू का जागा राहू. फ्लोरिडाकडच्या जातीला थंडी कमी लागते, पण तो लाल रंग दिवस लहान होऊन रात्री गार पडल्या की चढतो. एप्रिलचं ऊन तर सोडूनच द्या.

आरकेनगरकर
आत्ताच बॅटरी घेऊन बाहेर जाऊन आलो. पानं एकाआड एक आहेत. साल ओढली तर वीतभर धागा निघाला, चांगला चिवट.

मी फांदी घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर आई (वय ८३) म्हणाली कुठनं आणलीस अंबाडी? म्हटलं अगं मेपल आहे हा, अमेरिकेतला. तिनं पान तोडलं, तोंडात टाकलं, डोळे मिचकावले आणि म्हणाली "अंबाडीच हाय की, जरा लाल हाय एवढंच, ६५० ला जुडी आणलीस व्हय?" हिनं हसून हसून कणीक तशीच सोडली. तरी अजून एकदा विचारतो, नक्की अंबाडीच का?

शाहूवाडीचा_रोपवाला
आजींना दंडवत, माझं काम त्यांनी केलं. आपली शेतातली अंबाडी नाही ती, तिची आफ्रिकेकडची चुलत बहीण, लाल पानाची, शोभेसाठी लावतात. जास्वंदाच्याच घरातली. ती मेपलसारखी दिसते म्हणूनच विकली जाते, रोप लहान असताना भले भले फसतात. पाला आंबट असतो, खातात. तुमच्या त्या कळ्यांची आता जास्वंदीसारखी गर्द गुलाबी फुलं होतील, तेवढी बघून घ्या, त्याचं झाड काही होणार नाही. झुडूप आहे ते, सावली मांजराला मिळेल.

सावलीला कुसुम लावा. मार्चमध्ये आंबा घाटात गेलात तर बघा, नवी पालवी अशी लालबुंद येते की लांबून फुलंच वाटतात. रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन, तुमच्या मुलीच्या दारात पान गळायच्या आधी येतं, आपल्याकडं पान फुटताना. आणि पंधरा-वीस दिवसांत हिरवं होऊन ऐन उन्हाळ्यात गच्च सावली, जेव्हा तुमची भिंत तापते तेव्हाच.

पांढरा_रस्सा_फॅन
कुसुम लई हळू वाढतोय ओ, काकांच्या नातवाला सावली मिळंल. गुलमोहर टाका, चार वर्षांत काम.

शाहूवाडीचा_रोपवाला
भावा, गुलमोहर वळवाच्या पहिल्या वाऱ्यात फांदी टाकतोय, खाली गाडी कुणाची असती? घाई असेल तर देशी बदाम. आडवे मजले चढवत वाढतो, चार-पाच वर्षांत बऱ्यापैकी सावली, आणि थंडीच्या शेवटी पानं लाल होऊन गळतात, म्हणजे काकांची पाला गोळा करायची हौस पण भागंल. पान मोठं असतं, गटार तुंबतं, हे आधीच सांगतो. ताम्हण पण चालेल, पण पश्चिमेच्या उन्हाला त्याची सावली कमी पडते.

न्यूजर्सीची_कोल्हापूरकरीण
काका दोन्ही लावा ना, भिंतीपासून १५ फुटांवर बदाम आणि कोपऱ्यात कुसुम, फक्त वरून वायर जात नाहीत ना ते बघा. बदाम मोठा होईपर्यंत भिंतीला शेडनेट.

आरकेनगरकर
कोपऱ्यावरून वायर जातेय, म्हणजे कुसुम मधे आणि बदाम दुसऱ्या टोकाला असं करावं लागेल. कुसुमाचं रोप कुठं मिळेल? नर्सरीत जायची हिंमत नाही आता, गेलो तर आईला घेऊन जाईन.

शाहूवाडीचा_रोपवाला
सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मे-जूनला विचारा, स्वस्तात मिळतं. नाहीतर जूनच्या सुमाराला फळं पिकतात, आंबट गर खायचा आणि बी लगेच पिशवीत लावायचं. काळ्या मातीत खड्डा ३ बाय ३ चा घ्या, तळाला मुरूम, पाणी साचू देऊ नका.

आणि त्या अंबाडीचे कोवळे शेंडे खुडा, डाळीत घालायला बरे लागतात. लसूण जास्त घाला.

आरकेनगरकर
आईनं मगाशीच खुडलेत. तुरीच्या डाळीत, वर लसणाची फोडणी. मुलीला व्हिडिओ कॉलवर ताट दाखवलं, म्हटलं बघ, तुझ्या दारातला मेपल जेवायला बसलोय.